विद्युत मँडोलिन ते बेंजो : वाद्य, वादक आणि नाव

प्रस्तावना

लोकवाद्यांचे सर्वेक्षण करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत 'बेंजो' हा शब्द हमखास आढळतो. विद्यार्थी तो वादकाच्या तोंडून ऐकतो आणि जसा ऐकला तसा लिहितो. पुढे टंकलेखनाच्या वेळी किंवा मार्गदर्शकाच्या तपासणीत तो 'बॅन्जो' होतो, त्यापुढे 'एक पाश्चात्त्य तंतुवाद्य' अशी कंसातील पुस्ती येते आणि अखेरीस कोशातून उतरवलेले गोल, चामड्याने मढवलेल्या अमेरिकन वाद्याचे वर्णन त्याखाली चिकटते. वास्तविक वादकाच्या गळ्यात असलेले वाद्य लांबट लाकडी पेटीचे असते, त्यावर टंकलेखन यंत्रासारख्या कळा असतात आणि पेटीतून निघालेली वायर अॅम्प्लिफायरला जोडलेली असते. अमेरिकन बॅन्जोशी त्याचे नावापलीकडे नाते नाही. नोंद शुद्ध करण्याच्या सद्हेतूने केलेल्या या दुरुस्तीत खुद्द वाद्यच नोंदीतून नाहीसे होते.

प्रस्तुत लेखात विद्युत मँडोलिन आणि त्याच्या जवळचे विद्युत बेंजो या दोन वाद्यांच्या नावांचा विचार केला आहे. तंतुवाद्याला वीज जोडली की त्याची रचना आणि त्याचे नाव यांची फारकत सुरू होते. कोशकार रचनेवरून नाव ठरवतो. वादक मात्र आपला हात, आपला श्रोता आणि आपली वाजवण्याची जागा यांवरून नाव ठरवतो. ही दोन्ही नावे खरी असतात. दोन्हींची स्वतंत्र नोंद का करावी, हे पुढील विवेचनावरून ध्यानात यावे.

वीज जोडल्याने काय बदलते

साध्या मँडोलिनला आठ तारा असतात. त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत बांधलेल्या असतात. प्रत्येक जोडी तिच्या खालच्या जोडीच्या पंचमात लावलेली असते, म्हणजे व्हायोलिनसारखीच. त्यामुळे व्हायोलिन वाजवणाऱ्याची डाव्या हाताची बोटे मँडोलिनवर सहज बसतात. तारेची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, म्हणजे गिटारच्या तारेच्या अर्ध्याहून थोडी अधिक. इतक्या आखूड तारेवर छेडलेला स्वर क्षणात विरतो. दीर्घ स्वर हवा असल्यास नखीने तीच जोडी पुनःपुन्हा, अतिशय वेगाने छेडावी लागते. हिंदी चित्रपटगीतांतील मँडोलिनचा थरथरता, झुळझुळणारा नाद आपल्या कानांत बसलेला आहे, तो याच तंत्राचा परिणाम होय. सज्जाद हुसेन हे या वाद्याचे थोर वादक आणि संगीतकार. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर हेही मूळचे मँडोलिनवादकच.

विद्युत वाद्यात तारेखाली चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार बसवलेली असते. वादक त्याला 'पिकअप' म्हणतात. पोलादी तार चुंबकाजवळ कंप पावली की गुंडाळीत क्षीण विद्युत प्रवाह निर्माण होतो. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेले हे विद्युत-चुंबकीय प्रवर्तन. हा प्रवाह अॅम्प्लिफायरने वाढवून ध्वनिक्षेपकाला दिला जातो. येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण मराठीत तो वारंवार पुसला जातो. विद्युत वाद्यात तार खरोखरच छेडली जाते, वीज केवळ तो कंप मोठा करते. इलेक्ट्रॉनिक वाद्यात, उदाहरणार्थ इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यात, तार नसतेच. मंडलच स्वर निर्माण करते. दोहोंना सरसकट 'विजेवरचे वाद्य' म्हटल्याने वर्गीकरणात घोटाळा होतो.

पिकअप तारेचा कंप थेट घेत असल्यामुळे नाद वाढवणाऱ्या पोकळ खोळीची गरज उरत नाही. उलट पोकळ खोळ अडचणच करते. ध्वनिक्षेपकाचा आवाज तिच्यावर आदळून ती स्वतःच थरथरू लागते, तो कंप पुन्हा पिकअपमध्ये शिरतो आणि कर्णकटू शिट्टी ऐकू येते. म्हणून विद्युत मँडोलिनची खोळ बहुधा भरीव लाकडाची असते. भरीव लाकडाला कोणताही आकार देता येतो, आणि नावांचा गुंता येथूनच सुरू होतो. डोळ्याला एक छोटे गिटार दिसते, हाताला मँडोलिनची पंचमांतील तारांची मांडणी लागते, आणि कानाला या दोहोंपेक्षा वेगळा, दीर्घ आणि धातूचा नाद ऐकू येतो. मग नाव कोणाच्या साक्षीवरून द्यावे? निरनिराळ्या प्रांतांतील वादकांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

तीन प्रांत, तीन उत्तरे

अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९५६ मध्ये चार एकेरी तारांचे भरीव मँडोलिन बाजारात आणले. कंपनीच्या लेखी त्याचे नाव 'इलेक्ट्रिक मँडोलिन' एवढेच होते. वादकांना ते रुचले नसावे. त्याच कंपनीची टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर ही गिटारे प्रसिद्ध होती. त्या धर्तीवर वादकांनी या वाद्याला 'मँडोकास्टर' म्हणायला सुरुवात केली. त्याचे उत्पादन १९७६ मध्ये थांबले, परंतु वादकांचे नाव टिकले. पुढे तशाच घडणीच्या इतर निर्मात्यांच्या वाद्यांनाही ते लावले गेले.

ब्राझीलमधील बाहिया प्रांतातील कथा अधिक उद्बोधक आहे. साल्वादोर शहरातील दोदो आणि ओस्मार या दोघांनी १९४० च्या दशकात शिट्टीचा वर सांगितलेला दोष टाळण्यासाठी भरीव लाकडावर तारा चढवल्या आणि त्या वाद्याला 'पाऊ एलेत्रिको', म्हणजे विजेचे लाकूड, असे सरळ नाव दिले. १९५० च्या कार्निव्हलमध्ये एका जुन्या फोर्ड मोटारीवर ध्वनिक्षेपक चढवून ते रस्त्यावर वाजवत निघाले. गर्दी मागे चालू लागली आणि त्यातून 'त्रिओ एलेत्रिको' ही फिरत्या वाहनावरील संगीताची प्रथा जन्मास आली. ओस्मार यांचे पुत्र आर्मांदिन्यो यांनी पुढे या वाद्याला पाचवी तार जोडली आणि ते 'गितारा बाहियाना', म्हणजे बाहियाचे गिटार, म्हणून ओळखले जाऊ लागले. तारांची मांडणी मँडोलिनची असूनही नावात गिटार आले आणि प्रांताचे नाव त्यापुढे लागले. मिरवणुकीतील श्रोत्याच्या डोळ्याने येथे निर्णय दिला, असे म्हणता येईल.

तिसरे उत्तर आपल्या देशातील आहे. उप्पलपु श्रीनिवास यांचा जन्म १९६९ मध्ये आंध्र प्रदेशातील पालकोल येथे झाला. त्यांचे गुरू रुद्रराजू सुब्बराजू हे गाऊन दाखवत आणि शिष्य ते मँडोलिनवर उतरवत असे. कर्नाटक संगीताचा प्राण असलेले गमक साध्या मँडोलिनवर दोन कारणांनी अवघड होते. तार आडवी ओढून स्वर चढवायचा तर जोडीतील दोन्ही तारा अगदी सारख्या ओढल्या जायला हव्यात. जरा फरक पडला की त्या आपसात बेसूर होतात. दुसरे असे की स्वर विरण्याआधीच गमक पूर्ण करावे लागते. श्रीनिवास यांनी जोड्या काढून पाच एकेरी तारांचे विद्युत मँडोलिन स्वीकारले आणि दोन्ही अडचणी एकदम सुटल्या. पाच एकेरी तारांचा हाच मार्ग अमेरिकेत टायनी मूर या वादकाने १९५२ च्या सुमारास, सर्वस्वी वेगळ्या संगीतासाठी, पत्करला होता, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

श्रीनिवास यांच्या वाद्याचा आकार छोट्या विद्युत गिटारसारखा, तारा पाच, नाद वेगळा. तरीही ना त्यांनी ना त्यांच्या श्रोत्यांनी त्याला दुसरे नाव दिले. 'विद्युत' हे विशेषणदेखील गळून पडले आणि उलट वाद्याचेच नाव वादकाला लागले : 'मँडोलिन श्रीनिवास'. त्यांना १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. विशेषण का गळले, याचे कारण मला असे दिसते की परंपरेने मान्यता देताना वाद्याचे वेगळेपण कमी करून दाखवणे सर्वांच्याच सोयीचे होते. व्हायोलिनच्या बाबतीत कर्नाटक संगीताने दीड-दोन शतकांपूर्वी असेच केले होते. परदेशी नाव ठेवले, बैठक मात्र बदलली.

जपानहून आलेली पेटी

आता महाराष्ट्राकडे वळू. आपल्याकडे मिरवणुकीच्या रस्त्यावर विजेची जोड मिळालेले आणि नखीने छेडले जाणारे तंतुवाद्य पाहायचे तर ते मँडोलिन नसते. ते बेंजो असते.

या वाद्याचे मूळ जपानमधील नागोया शहरात आहे. १९१२ मध्ये तेथे गोरो मोरिता या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादकाने तारांच्या पेटीला टंकलेखन यंत्राच्या कळांची कल्पना जोडली. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो सम्राटाचा काळ सुरू झाला होता आणि 'कोतो' हे तेथील प्रतिष्ठित तंतुवाद्य. म्हणून नव्या वाद्याचे नाव पडले 'ताइशो-गोतो'. वाद्य स्वस्त, सुटसुटीत आणि शिकायला सोपे होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते जपानी मालाबरोबर आशियाच्या बंदरांत पोहोचले. जपानबाहेरच्या गिऱ्हाइकाला ना ताइशो सम्राटाशी कर्तव्य होते ना कोतोशी. त्यामुळे प्रवासात नाव गळून पडले आणि प्रत्येक बंदराने नवे नाव दिले.

उत्तर भारतात ते 'बुलबुल तरंग' झाले. जलतरंग, काष्ठतरंग या नावांच्या पंक्तीत ते सहज बसले. बलुचिस्तानात ते 'बेंजु' झाले. तेथे त्याची लांबी वाढली, कारागिरी सुधारली आणि ते बलुची संगीतातील भारदस्त वाद्य ठरले. मकरान किनाऱ्यावरील नूर बख्श यांचा विद्युत बेंजु, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या अॅम्प्लिफायरसह, २०२२ नंतर जगभरच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचला. मुंबई-कोकणात त्याचे 'बेंजो' झाले. आणि इंडोनेशियातील बाली बेटावर? तेथील काही गावांत याच जातीच्या कळांच्या वाद्याला 'मँडोलिन' म्हणतात. एकाच पेटीला मुंबईत बेंजो आणि बालीत मँडोलिन ही नावे मिळावीत, यातच नावाचे मर्म सापडते. दोन्ही ठिकाणी श्रोत्याने नव्या वाद्याचा धातूचा, तुटक, झणझणीत नाद ऐकला आणि नखीने छेडल्या जाणाऱ्या ज्या विलायती वाद्याचे नाव त्याच्या परिचयाचे होते ते त्याला देऊन टाकले. अमेरिकेतील नाव कारखान्याच्या वळणाचे, बाहियातील नाव डोळ्याने दिलेले. येथे साक्ष कानाची आहे.

रचनेच्या दृष्टीने पाहता हे नाव चुकीचे ठरते, यात शंका नाही. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी १९१४ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात मँडोलिन व अमेरिकन बॅन्जो ही दोन्ही दांडी असलेल्या तंतुवाद्यांच्या गटात (क्रमांक ३२१) येतात. आपला बेंजो बिनदांडीच्या, खोळीवरच तारा ताणलेल्या गटात (क्रमांक ३१४) जातो. म्हणजे कुळाने तो संतूर आणि स्वरमंडलाचा सोयरा आहे. भरतमुनींच्या चतुर्विध वर्गीकरणात ही सर्वच 'तत' वाद्ये होत.

वाजवण्याची रीत थोडक्यात अशी : डावा हात कळांवर, उजव्या हातात नखी. कळ दाबली की तिच्या खालची पट्टी स्वराच्या तारांना पडद्यावर टेकवते. बाजूच्या काही तारा कळांखाली येत नाहीत. त्या आधारस्वरासाठी असतात. कळांच्या दोन रांगा असल्याने पेटी वाजवणाऱ्याला स्वरस्थाने लगेच सापडतात. मर्यादाही पेटीचीच. मींड जवळजवळ अशक्य. कळ अधिक जोराने दाबून तार किंचित ताणता येते आणि स्वर थोडासा चढतो, तेवढीच लवचीकता. मात्र पेटीत नसलेला एक गुण यात आहे. नखीचा आघात प्रत्येक स्वराला धार देतो, त्यामुळे ढोल-ताशांच्या गजरातही चाल ओळखू येते.

ही धार असूनही विजेविना हे वाद्य अंगणाबाहेर ऐकू जात नाही. पिकअप लागला आणि बेंजो घराच्या ओसरीवरून रस्त्यावर आला. गणेशोत्सव, लग्नाची वरात, कोळीगीतांचे कार्यक्रम, कोकणातील पालखी यांत मुख्य चाल वाजवण्याचे काम त्याने पत्करले. १९५० मधील साल्वादोरच्या मोटारीत आणि आपल्याकडील मिरवणुकीच्या हातगाडीत किंवा टेंपोत तत्त्वतः भेद नाही. दोन्हींकडे रस्त्याच्या गोंगाटाने वाद्याला वीज घ्यायला लावली.

शब्दाचा विस्तार

रस्त्यावर आल्यावर शब्दाचा अर्थही पसरला. मुंबई-कोकणात 'लग्नाला बेंजो सांगितला आहे' या वाक्यात बेंजो म्हणजे एक वाद्य नसते. बेंजो, ढोलक, ताशा, झांज आणि ती वाजवणारी माणसे असा तो सगळा ताफा असतो. 'बेंजो पार्टी' हा त्याचा पूर्ण उच्चार. रवी जाधव दिग्दर्शित २०१६ मधील हिंदी चित्रपटाचे शीर्षकच 'बॅन्जो' होते आणि त्याचा नायक अशाच ताफ्यातील वादक आहे. भागाच्या नावाने समुच्चय ओळखण्याची ही रीत मराठीला नवी नाही. 'डीजे' हा शब्द मुळात तबकड्या वाजवणाऱ्या व्यक्तीचा. आपण 'डीजे लावला' म्हणतो तेव्हा ध्वनिक्षेपकांची रास अभिप्रेत असते. कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डला 'कॅसिओ' म्हणणे हाही त्याच घरातला प्रकार.

विदर्भात हे चित्र थोडे निराळे दिसते. नागपूर परिसरात मिरवणुकीच्या ताफ्याला 'संदल' किंवा 'धुमाल' असे म्हटले जाते. संदल म्हणजे चंदन. उरुसातील चंदनाच्या मिरवणुकीचे हे नाव तिच्यासोबत वाजणाऱ्या वाद्यमेळाला मिळाले आणि पुढे गणपतीच्या मिरवणुकीतही तेच रूढ झाले. धर्माच्या सीमा ओलांडताना शब्दाला कोणी अडवले नाही, हे येथे सहज लक्षात येते. धुमालची प्रथा नागपूरपासून छत्तीसगढातील दुर्ग-रायपूरपर्यंत पसरलेली आहे. त्यात तालवाद्यांचे प्राबल्य असते आणि चाल वाजवण्याचे काम बेंजो किंवा कीबोर्ड करतो. त्यामुळे मुंबईत 'बेंजो' हे ताफ्याचे नाव, तर नागपूरकडे ते एका वाद्याचे आणि ते वाजवणाऱ्या हाताचे नाव राहिले आहे. पारशिवनी हे तालुक्याचे गाव दक्षिणेस कामठी-नागपूर आणि उत्तरेस पेंचचे जंगल व मध्य प्रदेशाची सीमा यांच्या मध्ये आहे. अशा ठिकाणी मराठी, हिंदी आणि छत्तीसगढीच्या प्रभावाखालील बोली यांतील वाद्यनामे एकाच मिरवणुकीत ऐकू येण्याची शक्यता असते. सीमेवरच्या महाविद्यालयांना या अभ्यासात जे मोल आहे ते पुण्या-मुंबईच्या संस्थांना नाही.

निर्मात्यांची नावे आणखी वेगळी. दुकानात हेच वाद्य 'बुलबुल तरंग', 'इंडियन बॅन्जो' अशा नावांनी मिळते. स्वरमंडलासारख्या जादा तारा आणि पिकअप बसवलेल्या प्रकाराला 'शाही बाजा' म्हणतात. वादक मात्र दुकानातून बाहेर पडताच त्याला बेंजोच म्हणतो.

नावाची किंमत

हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा असता तर त्यावर इतकी पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही. हे वाद्य परदेशी आहे, त्याचे स्वर अचल आहेत, त्यावर मींड निघत नाही, हे आक्षेप होते. बेंजोवर हे तिन्ही आक्षेप तंतोतंत लागू पडतात. परंतु हार्मोनियमला मराठी माणसाने 'पेटी' म्हणून घरात घेतले होते. कीर्तन, भजन, नाट्यसंगीत यांत तिला कायमचे स्थान मिळाले होते. बंदी असतानाही तिचे वादक, तिचे शिक्षक, तिची पुस्तके यांची नोंद होत राहिली. बेंजोवर बंदी आली नाही. ती येण्यासाठी जी दखल घ्यावी लागते, तीही त्याच्या वाट्याला आली नाही. लोकवाद्यांच्या याद्यांत तो नसतो, कारण तो जपानी आणि विजेवरचा; शास्त्रीय वाद्यांत तो नसतो, कारण त्याला कळा आहेत; आणि पाश्चात्त्य वाद्यांच्या यादीत त्याच्या नावाने दुसरेच वाद्य बसलेले असते.

शासनाच्या ज्येष्ठ कलावंत मानधनासारख्या योजनेत वादकाला आपली कला आणि आपले काम कागदावर दाखवावे लागते. ज्याने पंचवीस-तीस वर्षे मिरवणुकीत बेंजो वाजवला त्याच्या वाद्याबद्दल मराठीत एकही विश्वसनीय वर्णन हाती नसेल, तर तो आधार कशाचा देणार? महाविद्यालयीन प्रकल्प ही लहान गोष्ट वाटली तरी तालुक्याच्या पातळीवर बहुधा तेवढाच लेखी पुरावा उपलब्ध होतो. आणि त्यातही आपण 'बॅन्जो' अशी दुरुस्ती करून त्याखाली परक्या वाद्याचे वर्णन लिहितो!

विद्यार्थ्याकडून नोंद घेताना पुढील क्रम सोयीचा ठरतो. आधी वादकाचा शब्द, त्याच्या उच्चाराप्रमाणे, देवनागरीत. 'बेंजो' ऐकले तर 'बेंजो', 'बेंजू' ऐकले तर 'बेंजू'. तोच शब्द ताफ्यासाठीही वापरतात का, हे विचारावे. त्यानंतर कळा किती, कळांखालच्या तारा किती आणि बाजूच्या किती, पिकअप कारखान्याचा की वादकाने स्वतः बसवलेला, पेटी पोकळ की भरीव, गळ्यात अडकवून वाजवतात की गाडीवर ठेवून, सोबत कोणती तालवाद्ये असतात, वाजवणे कोणाकडून आणि कोणत्या गावी शिकले, ही माहिती लिहावी. दुकानदाराने दिलेले नाव वेगळ्या रकान्यात. वर्गीकरणाचा क्रमांक सर्वांत शेवटी, आणि तो विद्यार्थ्याने नव्हे, मार्गदर्शकाने भरावा. छायाचित्र घेताना पेटीचे झाकण उघडून कळांखालच्या पट्ट्या आणि पिकअपची जागा दिसेल असे एक छायाचित्र अवश्य घ्यावे. बाहेरून पाहता साधा आणि विद्युत बेंजो यांतील फरक पुष्कळदा त्या एका वायरीपुरताच असतो, आणि मिरवणूक संपली की ती वायर काढून ठेवलेली असते.